सोमवारी ७८ गुण, बुधवारी ६१

पत्र: मी ३८ वर्षांची असून पुण्यात कर्वेनगरला राहते आणि एका बँकेत नोकरी करते. धाकट्या मुलाच्या वेळेपासून माझ्या दोन्ही गालांवर वांग आहे. गेल्या तीन महिन्यांपासून त्यावर त्वचारोगतज्ज्ञांचे उपचार सुरू आहेत. दर महिन्याला दवाखान्यात जाणे जमत नाही, म्हणून मधल्या काळात चेहऱ्याचे स्वच्छ फोटो पाठवा, असे डॉक्टरांनी सांगितले होते. परंतु मी पाठवलेले फोटो पाहून ‘यावरून काही सांगता येत नाही’ असा निरोप आला. दरम्यान भाचीने माझ्या मोबाइलमध्ये त्वचा तपासणारे एक ॲप घालून दिले. त्याने सोमवारी मला शंभरांपैकी ७८ गुण दिले आणि बुधवारी ६१. शिवाय हनुवटीवर नवा डाग आल्याचेही ते सांगते, जो मला आरशात दिसत नाही. यजमान म्हणतात नवा फोन घेऊ, भाची म्हणते रिंग लाइट, म्हणजे फोटोसाठीचा गोल दिवा, घे. मी काय करावे? सोबत तीन फोटो पाठवत आहे.

उत्तर: ताई, तुमचे पत्र वाचले आणि तिन्ही फोटो संगणकाच्या मोठ्या पडद्यावर लावून नीट पाहिले. नवा फोन घेऊ नका. रिंग लाइटविषयी पुढे लिहितो. मी डॉक्टर नाही, हे आधीच सांगून ठेवतो. तुमच्या औषधांविषयी या उत्तरात एक अक्षरही नसेल. लक्ष्मी रस्त्यालगतच्या एका गल्लीत माझा फोटो स्टुडिओ होता. पासपोर्टचे, लग्न जमवण्यासाठी पाठवायचे आणि बारशाचे फोटो काढण्यात हयात गेली. त्यातली काही वर्षे मात्र एका त्वचारोगतज्ज्ञांच्या रुग्णांचे उपचारांपूर्वीचे आणि उपचारांनंतरचे फोटो काढण्याचे काम माझ्याकडे होते. ते काम सुरू झाल्यावर पहिल्या सहा महिन्यांतच मी एक मोठी चूक केली. लग्नसराई तोंडावर आली म्हणून स्टुडिओतला करडा पडदा काढून मी फिकट गुलाबी पडदा लावला आणि त्याच आठवड्यात एका बाईंचा उपचारांनंतरचा फोटो काढून दिला. पडद्यावरून परतलेला उजेड त्यांच्या गालांवर पडला होता. फोटो पाहून डॉक्टरांना वाटले की मलमाने चेहरा लाल झाला आहे. त्यांनी बाईंना तातडीने बोलावून घेतले, तर चेहरा होता तसाच. त्या दिवशी मला जे ऐकून घ्यावे लागले ते येथे लिहीत नाही. पण त्यानंतर त्या कामापुरता पडदा, दिवा, स्टूल आणि कॅमेरा यांतले काहीही मी इंचभरसुद्धा हलवले नाही.

तुमच्या फोटोंचेही नेमके हेच झाले आहे. सोमवारचा फोटो दिवाणखान्यात, रात्री, पिवळ्या दिव्याखाली, पुढच्या कॅमेऱ्याने हात लांब करून काढलेला आहे. बुधवारचा फोटो खिडकीपाशी सकाळच्या उन्हात काढलेला आहे. तिसरा बहुधा बँकेतल्या प्रसाधनगृहातल्या ट्यूबलाइटखालचा असावा, कारण मागे फरशीची भिंत आणि साबणाची बाटली दिसते. चेहरा एकच, पण उजेड तीन प्रकारचे, अंतरे तीन आणि मानेचे कोनही तीन. बुधवारच्या फोटोत हनुवटीवर जो नवा डाग ॲपला दिसला, तो फोटो मोठा करून पाहा. ती एक आडवी, बोटभर रुंदीची, कडा किंचित पुसट असलेली रेघ आहे आणि तशीच दुसरी, अधिक फिकट रेघ तुमच्या गळ्यावर आहे. त्या खिडकीच्या गजांच्या सावल्या आहेत. आरशासमोर तुम्ही खिडकीपासून दूर उभ्या राहता, म्हणून तो डाग तेथे दिसत नाही.

आता सोमवारच्या ७८ गुणांकडे येऊ, कारण ते अधिक फसवे आहेत. वांगाचा रंग मेलॅनिन या द्रव्यामुळे येतो आणि मेलॅनिन निळा-जांभळा उजेड जास्त शोषून घेते, तांबडा-पिवळा कमी. त्यामुळे ज्या उजेडात निळा भाग मुळातच थोडा असतो, त्यात डाग आणि भोवतालची त्वचा यांतला फरक कमी होतो. बल्बच्या खोक्यावर ‘वॉर्म व्हाइट’ असे लिहून शेजारी २७०० किंवा ३००० केल्विन हा आकडा छापलेला असतो; त्या बल्बखाली वांग फिके दिसते. ‘कूल डेलाइट’, म्हणजे ६५०० केल्विनच्या बल्बखाली तेच वांग उठून दिसते. यात औषधाचा काही संबंध नाही. घरातल्या दिवाणखान्यात हल्ली पिवळे दिवे लावण्याची आवड आहे, ती पाहुण्यांसाठी चांगली आहे. त्वचेच्या फोटोसाठी ते दिवे बंद ठेवावेत.

दुसरा फसवा भाग तुमच्या फोनचा आहे. पूर्वी आमच्याकडे निगेटिव्हवर रिटचिंग करणारे कारागीर असत. भिंगाखाली निगेटिव्ह धरून, बारीक टोक काढलेल्या पेन्सिलीने ते मुरमांचे व्रण आणि डोळ्यांखालची वर्तुळे भरून काढत. एका चेहऱ्याला अर्धा-पाऊण तास सहज लागे आणि त्याचे पैसे वेगळे असत. आजचा फोन हेच काम न विचारता, निमिषार्धात आणि फुकट करतो. पुढच्या कॅमेऱ्यात ‘ब्युटी’, ‘स्मूद’ किंवा ‘फेस रिटच’ अशा कोणत्यातरी नावाने ही सोय दडलेली असते आणि पुष्कळ फोनमध्ये ती विकत घेतल्यापासूनच चालू असते. ती शोधून शून्यावर आणा. पोर्ट्रेट मोड वापरू नका, कारण तो कानाजवळची आणि जबड्याची कड पुसट करतो. रात्रीसाठीचा मोडही वापरू नका, कारण अंधारातले दाणे घालवताना तो त्वचेवरची रंध्रेही घालवतो. सोमवारच्या फोटोत तुमच्या भुवया धारदार आहेत आणि गाल मात्र मेणाचे असावेत तसे गुळगुळीत आहेत. ही रिटचिंगची ठळक खूण आहे. ७८ गुणांपैकी बरेचसे तुमच्या फोनने मिळवलेले आहेत.

तेव्हा पुढचा कॅमेरा सोडून मागचा वापरा. त्याचे भिंग चांगले असते आणि बहुतेक फोनमध्ये त्याची लुडबूडही कमी असते. पण त्याहून महत्त्वाचे कारण अंतराचे आहे. सेल्फी घेताना फोन चेहऱ्यापासून फूट-दीड फुटावर असतो. इतक्या जवळून नाक कॅमेऱ्याला कानांपेक्षा फारच जवळचे ठरते, म्हणून ते फुगते आणि गालांच्या बाहेरच्या कडा मागे सरून अरुंद होतात. अमेरिकेतील संशोधकांनी २०१८ मध्ये मांडलेल्या हिशेबानुसार १२ इंचांवरून काढलेल्या सेल्फीत नाकाचा बुंधा ५ फुटांवरून काढलेल्या फोटोपेक्षा सुमारे ३० टक्के रुंद दिसतो. नाकाची चिंता करण्याचे कारण नाही. पण तुमचे वांग गालफडांवर आहे, म्हणजे नेमके त्याच भागात, जो जवळून घेतलेल्या फोटोत आकुंचन पावतो. एका महिन्यात हात थोडा लांब राहिला आणि दुसऱ्या महिन्यात थोडा जवळ आला, तर डागाचे क्षेत्रफळ औषधाशिवायच कमी-जास्त होईल. फोन चार ते पाच फुटांवर ठेवा आणि चेहरा चौकटीत मोठा यावा म्हणून दुप्पट झूम करा. त्यापुढे झूम नेऊ नका. पुष्कळ फोनमध्ये त्यानंतरचा झूम म्हणजे तोच फोटो ताणून मोठा केलेला असतो.

फोन धरायला भाची नेहमी हाताशी असेलच असे नाही. स्टँड नसेल तर लोखंडी कपाटातल्या एखाद्या कप्प्यात किंवा स्टुलावर पोळ्यांचा डबा आणि त्यावर पुस्तके अशी चळत रचून फोन उभा करा आणि दहा सेकंदांचा टायमर लावा. फोनचे भिंग तुमच्या नाकाच्या उंचीवर यायला हवे आणि फोन पुढे-मागे कललेला नसावा. भिंग खालून पाहत असेल तर हनुवटी मोठी होते आणि कपाळ नाहीसे होते. एकदा जागा ठरली की जमिनीवर खूण करा. घरात शहाबादी फरशी किंवा टाइल्स असतील तर त्यांच्या सांध्यांसारखी सोपी खूण नाही: स्टूल या सांध्यावर, पायांचे अंगठे त्या सांध्यावर, असे एका कागदावर लिहून तो कपाटाच्या दाराला आतून चिकटवा. पुढच्या महिन्यात तुम्हाला आठवणार नाही. मलाही आठवत नसे.

जागा मात्र उजेड पाहून निवडावी लागेल. थेट उन्हाची तिरीप न येणारी मोठी खिडकी सर्वांत चांगली आणि पुण्यात ती बहुधा उत्तरेकडची असते. बहुधा म्हणण्याचे कारण असे की पुणे कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहे. मेच्या मध्याला सूर्य आपल्या माथ्यावर येतो, त्या दिवशी भर दुपारी काठीची सावली नाहीशी होते आणि तेथून जुलैच्या अखेरीपर्यंत मध्यान्हीचा सूर्य किंचित उत्तरेकडे असतो. उन्हाळ्यात सकाळी आणि संध्याकाळी तर उत्तरेच्या खिडकीतूनही तिरपे ऊन आत शिरते. म्हणून दिशेपेक्षा कवडसा पाहावा: जमिनीवर किंवा भिंतीवर उन्हाचा स्पष्ट आकार दिसत असेल, तर ती खिडकी त्या वेळेपुरती सोडून द्यावी. दुसरी खिडकी नसेल तर पांढरा, साधा, सुती पडदा ओढून घ्या. पावसाळ्यातले ढगाळ आभाळ हा तर निसर्गाने लावलेला पडदाच असतो. आषाढातल्या एखाद्या सकाळी गॅलरीच्या दाराशी जो मऊ उजेड मिळतो, तो स्टुडिओत उभा करायला मला दोन दिवे आणि एक छत्री लागत असे. फक्त दाट ढगांमुळे उजेड फारच कमी झाला, तर फोन आपणहून फोटो गुळगुळीत करू लागतो, तेवढे पाहा.

खिडकीकडे तोंड करून उभ्या राहा, पाठ करून नव्हे. खिडकी बाजूला असेल तर एक गाल उजळ आणि एक काळवंडलेला येतो, आणि वांगासारख्या रंगाच्या दुखण्यात तो फोटो निरुपयोगी ठरतो. येथे एक अपवाद सांगून ठेवतो, कारण हे सदर वाचणाऱ्या पुष्कळांना वांग नसून मुरमांचे खड्डे असतील. रंग पाहायचा असेल तर उजेड समोरून हवा, पण त्वचेचा उंच-सखलपणा पाहायचा असेल तर तो तिरपा हवा. रात्री रस्त्यावरचा खड्डा लांबून येणाऱ्या गाडीच्या दिव्यात जसा उठून दिसतो आणि भर दुपारी डोळ्यांसमोर असून दिसत नाही, तसेच हे आहे. खड्ड्यांसाठी समोरच्या फोटोबरोबर खिडकीला खांदा लावून दोन्ही बाजूंचे दोन फोटो जादा काढावेत आणि तेही दर वेळी त्याच कोनातून.

भोवतालच्या रंगांचीही काळजी घ्या. कर्वेनगरमध्ये इमारती इतक्या जवळ आहेत की समोरच्या सोसायटीने नवा रंग दिला तर तुमच्या घरातला उजेड बदलतो. हिरवी जाळी, निळी ताडपत्री, लाल पडदा, भडक ड्रेस हे सर्व चेहऱ्यावर उतरते. अंगात दर वेळी एकच फिका करडा किंवा मळकट रंगाचा कुर्ता घाला आणि मागे साधी भिंत असू द्या. पांढरा शुभ्र कुर्ता किंवा काळी भिंत टाळा, कारण फोन चौकटीतला एकंदर उजेड मोजतो. पांढरे जास्त असेल तर तो चेहरा काळपट करू शकतो आणि काळे जास्त असेल तर नको तितका उजळ. फ्लॅश बंद ठेवा. त्याने कपाळ आणि नाकाच्या शेंड्यावर पांढरे चट्टे येतात आणि त्या चट्ट्यांखाली काय होते ते मग कोणीही सांगू शकत नाही. खोलीतले दिवेही बंद करा, कारण खिडकीचा उजेड आणि दिव्याचा उजेड एकत्र आले की एक गाल निळसर आणि दुसरा पिवळट होतो.

रिंग लाइट या चौकटीत कोठे बसतो? तुम्ही सकाळी सव्वाआठला घर सोडत असाल आणि रविवारही मोकळा मिळत नसेल, तर रात्री त्याच अंतरावर, त्याच तेजाला आणि पांढऱ्या रंगावर ठेवलेला रिंग लाइट चालेल. त्याचा फायदा एवढाच की तो ऋतूप्रमाणे बदलत नाही. तोटा असा की तेलकट त्वचेवर तो गोल झळाळी उमटवतो आणि समोरून येणाऱ्या सपाट उजेडात बारीक उंचवटे पुसले जातात. मला विचाराल तर महिन्यातून एक रविवार काढावा आणि पैसे वाचवावेत.

महिन्यातून एकच, असे मी जाणूनबुजून म्हणतो. वांग आठवड्यागणिक बदलत नाही. त्याला महिने लागतात. रोज फोटो काढून रोज गुण पाहिल्याने मनस्तापाखेरीज काही हाती लागत नाही. चार आठवड्यांचे अंतर ठेवले तर आणखी एक सोय होते: पाळीच्या आधी अनेकींना मुरमे येतात आणि चेहरा तेलकट होतो, ती उलथापालथ तुलनेत कमी येते. शिवाय उन्हाने वांग गडद होते, हे लक्षात ठेवा. मार्चचा आणि मेचा फोटो शेजारी ठेवून औषध लागू पडत नाही असे ठरवण्याआधी मधल्या दोन महिन्यांचे पुण्याचे ऊन हिशेबात धरावे लागेल, आणि तो हिशेब डॉक्टरांनी करावा.

फोटोच्या दिवशी चेहरा साध्या पाण्याने आणि नेहमीच्या फेसवॉशने धुवा, टॉवेलने टिपून घ्या, पुसू नका, आणि अर्धा तास थांबा. धुतल्यावर काही काळ चेहरा लालसर असतो. पावडर, काजळ, सनस्क्रीन, मलम, टिकली यांपैकी काही नको. टिकलीखालची जागा तर मुद्दाम दिसू द्यावी, कारण तिच्या गोंदामुळे तेथे डाग पडलेले मी पुष्कळ पाहिले आहेत. चष्मा काढा आणि केस पट्ट्याने मागे घ्या. नाकातली चमकी राहिली तरी चालेल. दुचाकीवरून आल्यावर लगेच फोटो काढू नका. आपल्याकडे डोळे तेवढे उघडे ठेवून स्कार्फ घट्ट बांधण्याची जी रीत आहे, तिने नाकाच्या दांड्यावर आणि गालफडांवर दाबाच्या खुणा उठतात, घाम साचतो आणि तासभर तरी चेहरा आपला राहत नाही. हेल्मेटच्या पट्ट्याचेही तेच. शेवटी फोनचे भिंग स्वच्छ, मऊ सुती कापडाने पुसा. स्वयंपाकघरात हाताळलेल्या फोनच्या भिंगावर तेलाचा पातळ थर असतो आणि त्यातून काढलेला फोटो धुक्यातला दिसतो. तुमच्या तिसऱ्या फोटोत ट्यूबलाइटभोवती जे वलय आहे, ते त्याचेच आहे.

आता प्रत्यक्ष फोटो. चेहरा शांत ठेवा, ओठ मिटलेले, हसू नका; हसल्यावर गाल वर चढतात आणि वांगाचा आकारही त्यांच्याबरोबर चढतो. पडद्यावर गालावर बोट टेकवून धरून ठेवले की बहुतेक फोनमध्ये फोकस आणि उजेड तेथे पक्के होतात. मग बोट खाली सरकवून उजेड थोडा कमी करा, कपाळावरची चकाकी पांढरीफटक दिसेनाशी होईपर्यंत. हे काम फोन दुसऱ्याच्या हातात असेल तर सोपे जाते. एक फोटो सरळ समोरून, एक डावीकडे अर्धवट वळून आणि एक उजवीकडे. अर्धवट म्हणजे किती, हे दर वेळी चुकते. त्यासाठी भिंतीवर दोन्ही बाजूंना कागदाचा एकेक तुकडा चिकटवा आणि मान नव्हे तर पूर्ण अंग वळवून, पायांसह, नाक त्या तुकड्याच्या रेषेत आणा. नुसती मान वळवली तर गळ्याची कातडी ताणली जाते आणि एक खांदा वर येतो. नंतर दोन्ही गालांचे जवळून एकेक फोटो, पण फोन वीतभर अंतरावर आणून नव्हे. त्या अंतरावर फोनची स्वतःची सावली पडते. दोन फुटांवरून काढा.

माझी एक जुनी युक्ती देतो. छपाईच्या साध्या पांढऱ्या ए-फोर कागदाचे एकदा उभे आणि एकदा आडवे दुमडून चार समान भाग करा. त्यांतल्या एकावर जाड पेनाने तारीख लिहा आणि पहिल्या फोटोत तो छातीशी सपाट धरा, हनुवटीला चिकटवून नव्हे, नाहीतर त्याचा उजेड जबड्याखाली उडतो. तारीख नोंदली जाते हे झालेच. पण अक्षरे उलटी दिसली तर फोटो आरशासारखा फिरलेला आहे, म्हणजे डॉक्टर ज्याला उजवा गाल समजतील तो तुमचा डावा आहे, हेही तेथेच कळते. काही फोन सेल्फी तशाच उलट्या साठवतात. कागद पिवळट किंवा निळसर आला तर उजेड चुकला, हे तुम्हाला डॉक्टरांआधी समजते. आणि त्या तुकड्याची रुंदी साडेदहा सेंटिमीटर असते, त्यामुळे अंतर बदलले की नाही हे मोजून पाहता येते. पुढच्या महिन्यांसाठी त्याच रिममधले कागद बाजूला काढून ठेवा.

पाठवण्याच्या वेळी बहुतेकांचे सर्व श्रम वाया जातात. व्हॉट्सॲपवर फोटो नेहमीच्या पद्धतीने पाठवला की तो लहान होतो आणि बारीक तपशील पुसले जातात. तोच फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून जोडला तर मूळ आकारात जातो, किंवा ई-मेलने पाठवा. मात्र मूळ फोटोबरोबर तो कोठे काढला याची नोंदही जाऊ शकते, म्हणून कॅमेऱ्याच्या सेटिंगमधील स्थान नोंदवण्याची सोय आधी बंद करा. फोटोवर कोणताही फिल्टर, कात्री किंवा उजळपणाचा प्रयोग करू नका, अगदी चांगल्या हेतूनेसुद्धा. सोबत चार ओळी लिहा: कोणते मलम किती दिवस लावले, मध्ये कधी खंड पडला, उन्हात फिरणे झाले का आणि जळजळ किंवा खाज आहे का. यांतले शेवटचे दोन प्रश्न कोणत्याही फोटोला सोडवता येत नाहीत.

ॲपविषयी आता थोडे. मी त्याच्या विरोधात नाही, पण त्याला चेहरा दिसत नाही; त्याला उजळ आणि काळ्या ठिपक्यांची जाळी दिसते आणि त्या जाळीत सावली, तीळ, दाढीचे खुंट, गजाची रेघ हे सर्व एकाच जातीचे असू शकते. त्याच्या गुणांना किलो किंवा सेंटिमीटरसारखे एकक नाही. तेव्हा पुढच्या रविवारी एक चाचणी घ्या. वर सांगितल्याप्रमाणे जागा लावा आणि पाच मिनिटांच्या आत, काहीही न बदलता, लागोपाठ पाच फोटो काढून पाचही ॲपला दाखवा. समजा ७१, ६६, ७४, ६९ आणि ७२ असे गुण आले. पाच मिनिटांत तुमची त्वचा बदललेली नाही, तरी आकडा आठाने हलला; म्हणजे हे ॲप तुमच्या चेहऱ्यापुरते आठ गुण इकडे-तिकडे सहज चुकते. यापुढे महिन्यामागे तीन-चार गुणांची वाढ झाली म्हणून आनंद नको आणि पाच घटले म्हणून झोप उडायला नको. पाचही फोटोंवर तोच आकडा आला, तर ते ॲप निदान स्वतःशी तरी सुसंगत आहे. त्याचा आकडा खरा आहे, असे मात्र त्यावरून सिद्ध होत नाही.

आपल्या वर्णाच्या चेहऱ्यांबाबत आणखी एक सावधगिरी हवी. २०१८ मध्ये अमेरिकेतील एमआयटीच्या माध्यम प्रयोगशाळेतून आलेल्या एका अभ्यासात फोटोवरून स्त्री की पुरुष एवढेच ओळखणाऱ्या तीन व्यावसायिक प्रणाली तपासल्या गेल्या. गोऱ्या पुरुषांच्या बाबतीत त्यांची चूक १ टक्क्याच्या आत होती आणि सावळ्या-काळ्या स्त्रियांच्या बाबतीत ती सुमारे ३५ टक्क्यांपर्यंत गेली. तो अभ्यास त्वचेच्या दुखण्यांचा नव्हता. पण यंत्राला शिकवताना कोणते चेहरे दाखवले यावर त्याची नजर ठरते, एवढे त्यातून नक्की दिसले. तुमच्या भाचीने घातलेल्या ॲपला गव्हाळ आणि सावळे चेहरे किती दाखवले गेले, हे त्याच्या माहितीपानावर लिहिलेले आहे का ते पाहा. तसेच फोटो ते कोठे साठवते, किती काळ साठवते आणि पुसून टाकायची सोय आहे का, हेही वाचा. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात अशा माहितीसाठी संमती घेण्याची आणि ती पुसण्याची मागणी करता येण्याची तरतूद आहे. जे ॲप याविषयी काही सांगत नाही आणि पहिल्याच तपासणीनंतर तीन डबे विकत घ्यायला लावते, ते मी तरी ठेवले नसते.

डॉक्टरांना फोटो पाठवण्याची गोष्ट वेगळी. मार्च २०२० मध्ये आपल्याकडे टेलिमेडिसिनची, म्हणजे दुरून वैद्यकीय सल्ला देण्याची, मार्गदर्शक तत्त्वे आली आणि त्यांनुसार नोंदणीकृत डॉक्टर फोटो पाहूनही सल्ला देऊ शकतात. पण फोटो पुरेसा आहे की रुग्णाला समोर बोलवायला हवे, हे ठरवण्याचा अधिकार डॉक्टरांचाच आहे. तुमच्या डॉक्टरांनी ‘यावरून सांगता येत नाही’ असे कळवले, तेव्हा त्यांनी आपले काम चोख केले आहे. फोटोला स्पर्श कळत नाही. फिक्या चट्ट्यावर बधिरपणा आहे का, गाठ टणक आहे की मऊ, दाबल्यावर लाली विरते का, हे बोटांनीच कळते. एखादा तीळ वाढू लागला, त्याचा रंग किंवा कड बदलली, त्यातून रक्त आले किंवा जखम आठवडेच्या आठवडे भरली नाही, तर फोटोची चौकट लावत बसू नका. सरळ दवाखाना गाठा. खासगी दवाखान्याचा खर्च परवडत नसेल तर सरकारी ससून रुग्णालयात त्वचारोगाचा बाह्यरुग्ण विभाग आहे.

तुमच्या बाबतीत पहिला संच या रविवारी काढा आणि तो पाठवताना जुने तिन्ही फोटो तुलनेसाठी धरू नयेत असे डॉक्टरांना कळवा. पुढच्या वेळी प्रत्यक्ष भेटीला जाल तेव्हा त्याच सकाळी घरी एक संच काढून फोन सोबत न्या. डॉक्टर फोटो आणि चेहरा शेजारी-शेजारी पाहतील, तेव्हा तुमच्या खिडकीचा उजेड वांगाचा रंग किती गडद किंवा किती फिका दाखवतो ते त्यांना एकदा समजेल, आणि नंतरच्या महिन्यांचे फोटो वाचताना ती चूक ते मनातल्या मनात वजा करू शकतील. मधल्या काळात खिडकीचा पडदा मात्र बदलू नका.